अण्णांचा खोकला

दत्ता टोपी काढायला तयार नव्हता.

"खपलीच हाय मॅडम," तो म्हणाला. "घरी समदे तेच म्हनाले. पडंल म्हनाले आपोआप."

ऑपरेशननंतरचा आठवा दिवस होता. आठव्या दिवशी डोक्यावर खपल्या असतात, हे खरं. पण खपल्यांना वास येत नाही. नसीम सिस्टरने माझ्याकडे पाहिलं आणि मास्क नाकावर ओढला. तिचं हे असं पाहणं मला ओळखीचं होतं. काहीतरी बिघडलंय आणि मॅडमना ते अजून कबूल करायचं नाही, असा त्याचा अर्थ असे.

टोपी निघाली. कपाळाच्या वर मधोमध, जिथे आम्ही सगळ्यात दाट केस लावले होते, तिथे एक काळा, कोरडा, कडक चट्टा होता. जुन्या मोठ्या रुपयाएवढा, कडेने लाल. मी चिमट्याचं टोक त्यावर दाबलं. दत्ताला कळलंसुद्धा नाही. तिथली कातडी मेली होती. डोक्याच्या मागच्या बाजूलाही टाक्यांची रेघ एका टोकाला उसवली होती.

"बिडी कधीपासून ओढता?" मी विचारलं.

त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात पडद्याबाहेर कुणीतरी दोनदा मोठ्याने खाकरलं, आणि मग त्याचे वडील, अण्णा, पडदा सारून आत आले. दत्ताने तोंड मिटलं.

"न्हाई ओढत मी," तो भिंतीकडे बघत म्हणाला.

मी प्लास्टिक सर्जन. आमचा धंदा म्हणजे नट्यांची नाकं सरळ करणं, असं बऱ्याच जणांना वाटतं. जालन्यात चौतीस वर्षं काढली, नटी एकही आली नाही. आले ते स्टोव्हच्या भडक्याने भाजलेले, मळणीयंत्रात हात गेलेले, रोलिंग मिलमध्ये पोळलेले. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हा मी हेअर ट्रान्सप्लांट शिकून आले. कारण साधं होतं. रोज जळलेली माणसं बघून कंटाळा आला होता. कुणीतरी हसत घरी जावं, एवढंच वाटत होतं.

ऑपरेशन समजायला सोपं आहे. टक्कल पडलं तरी डोक्याच्या मागच्या बाजूचे केस टिकून असतात. तिथून कातडीची एक लांब पट्टी काढायची आणि जखम शिवून टाकायची. मग त्या पट्टीचे भिंगाखाली बारीक तुकडे करायचे. एकेका तुकड्यात एक-दोन केस, मुळासकट. त्याला ग्राफ्ट म्हणतात. पुढच्या बाजूला सुईने छिद्रं पाडून त्यात एकेक ग्राफ्ट बसवायचा. दत्ताला हजारावर बसवले होते. सकाळी आठला सुरू केलं, ते संपायला दुपारचे चार वाजले.

दत्ता एकतीस वर्षांचा. वडीगोद्रीला हायवेच्या कडेला त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, तांब्याची तार नव्याने गुंडाळायची, वार्निश लावून वाळवायच्या. हात सोन्यासारखा, असं गावात म्हणत. पण पंचविशीतच केस गेले, आणि तीन ठिकाणी मुलगी बघायला जाऊन तो तसाच परत आला होता. चौथं स्थळ जाफराबादचं होतं. त्यांनी मुलाला अजून पाहिलं नव्हतं. पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत थांबायची त्यांची तयारी होती, कारण मुलगी डी.एड. करत होती. दत्ताने हिशेब मांडला. केस उगवायला वर्ष लागतं, वर्ष हातात आहे. एवढ्यासाठी तो माझ्याकडे आला होता.

आला तो वडिलांना घेऊन. म्हणजे वडीलच त्याला घेऊन आले. आमच्याकडे पेशंट एकटा येत नाही. एकतीस वर्षांचा, स्वतःचं दुकान असलेला माणूसही डॉक्टरकडे येताना बापाला पुढे घालतो. मग माझ्यासमोरच्या खुर्चीत बाप बसतो, मुलगा बाजूच्या स्टुलावर. मी विचारते मुलाला, उत्तर देतो बाप. चौतीस वर्षांतली पहिली कित्येक वर्षं मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बरं वाटायचं, घरचं माणूस सोबत आहे म्हणून.

अण्णा तब्येतीने काटक, पांढरंशुभ्र धोतर, बोलणं मोजकं. मी नेहमीचे प्रश्न विचारत गेले. शुगर? नाही. बीपी? नाही. कुठलं औषध चालू? नाही.

"सिगारेट, बिडी, तंबाखू?"

दत्ताने मान वर केली होती. ते मला आज आठवतं. तेव्हा मी कागदाकडे बघत होते.

"आमच्या घरात बिडी न्हाई," अण्णा म्हणाले. "माझ्या थोरल्या भावाचा पाय गुडघ्यापसून तोडला तिच्यापायी. अंगठा काळा पडला, मंग पंजा काळा पडला, मंग डॉक्टर म्हनाले काढा. तवापसून आमच्या घरात कुनी बिडीला शिवत न्हाई."

मी मान हलवली आणि केस पेपरवर इंग्रजीत लिहिलं: स्मोकिंग, नो.

तरी मी नेहमीचं समजावून सांगितलंच. नव्या ग्राफ्टला स्वतःची रक्तवाहिनी नसते. पहिले काही दिवस तो आजूबाजूच्या रक्तावर जगतो. मिरचीचं रोप वाफ्यातून उपटून सरीत लावलं की पहिल्या दिवसांत पाण्याची पाळी चुकवून चालत नाही, तसं. बिडीने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्तातला प्राणवायूही कमी होतो. म्हणून ऑपरेशनच्या आधी दोन-तीन आठवडे आणि नंतर महिनाभर धूर पूर्ण बंद.

"म्हंजे पाईपावर पाय ठिवल्यावानी," अण्णा म्हणाले. "पानी सुटलेलं हाय, पन सरीला पोचत न्हाई."

"बरोबर तसंच, काका."

"मंग रोप जळनारच."

इतकं नेमकं बोलणारा शेतकरी समोर बसल्यावर मी खूश झाले. मुलाला समजलं की नाही हे विचारायचं राहून गेलं.

ऑपरेशनच्या दिवशी मला तीन गोष्टी दिसल्या होत्या. त्या मी लपवणार नाही, कारण त्या लपवल्या तर ही गोष्ट सांगण्यात काही अर्थ नाही.

पहिली, नसीम सिस्टरने दत्ताचे कपडे खुंटीला लावताना मला बाजूला घेतलं. तिची नोकरी माझ्यापेक्षा जुनी, आणि नाक माझ्यापेक्षा तिखट.

"मॅडम, शर्टाला बिडीचा वास येऊन राह्यला. बिलकुल ताजा."

"जीपने आलेत ना. शेजारचा कुणी ओढत असेल."

"मैं बोली, बस," असं म्हणून ती हात धुवायला गेली.

दुसरी, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावताना त्याची पहिली दोन बोटं पिवळट तपकिरी दिसली. मी स्वतःशी म्हटलं, वार्निश. मोटारी भरणाऱ्याच्या बोटांना आणखी काय असणार?

तिसरी, छिद्रं पाडताना रक्त फार कमी येत होतं. रक्त कमी करायचं इंजेक्शन आम्ही देतोच, पण त्या मानानेही कमी. काम भराभर झालं. मी सिस्टरला म्हटलंसुद्धा, किती छान फील्ड मिळालंय बघ, रक्त मध्ये येतच नाही. जिथे पाणी पोचत नव्हतं ती सरी कोरडी बघून मी खूश होत होते.

आणखी एक चौथीही होती, पण ती मला तेव्हा दिसूनही दिसली नाही. अण्णा दिवसभर बाहेर बाकावर बसले होते. मुलाला खोलीत हलवल्यावर ते प्रत्येक वेळी आत येण्याआधी दारात थांबून खाकरायचे. दोनदा, मोठ्याने. मला वाटलं, म्हाताऱ्याला जुनाट खोकला आहे. मी त्यांना बसवून छाती तपासली. स्वच्छ होती. तरीही आपलं खोकल्याच्या औषधाची एक बाटली त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि "बरं" म्हणाले.

तर आता आठवा दिवस, काळा चट्टा, आणि भिंतीकडे बघणारा दत्ता. मी अण्णांना मेडिकलमधून ड्रेसिंगचं सामान आणायला पाठवलं. सामान माझ्या कपाटात भरपूर पडलं होतं. ते जिना उतरल्याचा आवाज आल्यावर मी स्टूल ओढून दत्तासमोर बसले.

"आता बोला. किती?"

"एक बंडल," तो म्हणाला. "कवा कवा दीड."

"ऑपरेशनच्या आधी बंद केली होती?"

"चार दिवस केल्ती. मंग न्हाई राहवलं."

"आणि नंतर?"

"पहिल्या दिशी न्हाई. दुसऱ्या दिशीपसून चालू." त्याचा आवाज एकदम चढला. "मॅडम, तुम्हीच म्हनल्या उन्हात जाऊ नका, दुकानात बसू नका, धूळ नगं. मंग दिवसभर करू काय? दुकानात हाताला काम तरी असतंय. घरी नुसतं बसून जीव जाऊन राह्यला. परसात कडब्याच्या गंजीमागं जायचो आन ओढायचो. रोजच्यापरीस जास्तच झाली."

मला इतका राग आला की हातातला चिमटा मी ट्रेमध्ये फेकला. "मी एवढं रोपाचं, पाण्याचं सांगितलं तेव्हा का नाही बोललात?"

"अण्णा बसल्ते की शेजारी," दत्ता म्हणाला.

राग तसाच होता, पण तो आता नेमका कुणावर धरायचा ते कळेना.

"फोन तरी करायचा होता नंतर."

"फोन वसरीवर हाय. अण्णांच्या बाजंजवळ."

मग तो रडायला लागला. मोठा माणूस, डोळ्यांवर हात न घेता रडत होता, कारण डोक्याला धक्का लावायचा नाही असं मीच बजावलं होतं. "अण्णाला सांगू नका मॅडम. चुलत्याच्या पायाचं त्यायनी लई मनाला लावून घेतलंय. आमच्या आळीत बिडी सोडा म्हनून सांगत फिरत्यात त्ये. मी ओढतो कळलं तर मान वर करून चालायचे न्हाईत." पेशंटने सांगितलेलं त्याच्या परवानगीशिवाय बाहेर सांगायचं नाही, हा आमचा नियम. मी कबूल झाले.

अण्णा सामान घेऊन आले. आत येण्याआधी खाकरले. मी त्यांना सांगितलं, तिथला रक्तपुरवठा कमी पडला, कधी कधी होतं असं. त्यांनी काही विचारलं नाही. मुलाच्या डोक्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि टोपी स्वतःच्या हाताने झटकून त्याला दिली.

पुढचे दोन महिने ड्रेसिंगचे. मेलेली कातडी एका दिवसात निघत नाही. थोडी थोडी कापायची, मलम लावायचं, खालून नवीन मांस भरून यायची वाट बघायची. दत्ता आठवड्यातून दोनदा यायचा, कधी अण्णांबरोबर, कधी एकटा. बिडी सोडली का, असं मी दर वेळी विचारायचे. "कमी केली," तो म्हणायचा. त्याच्या बोटांकडे बघितलं की उत्तर मिळायचं. जखम भरली, पण मधोमध एक चकचकीत, गुळगुळीत, पांढुरका व्रण राहिला. त्यावर केस येणं शक्य नव्हतं. आजूबाजूला लावलेल्यांपैकी निम्मेसुद्धा उगवले नाहीत. आधी नुसतं टक्कल होतं. आता टक्कल होतं, मध्ये व्रण होता आणि व्रणाच्या कडेने विरळ केसांचं कुंपण होतं. मी एका धडधाकट माणसाचं डोकं आधी होतं त्यापेक्षा वाईट करून घरी पाठवलं होतं. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

मग वर्षभर त्यांच्यातलं कुणी आलं नाही.

एका दुपारी ओपीडी संपत आली असताना अण्णा आले. एकटेच. या वेळी दारात खाकरले नाहीत, सरळ आत येऊन खुर्चीत बसले.

"जाफराबादचे पाव्हने येऊन गेले," ते म्हणाले.

"मग?"

"टक्कल त्यायला आधीच ठावं व्हतं. वडीगोद्रीच्या स्टँडवर कुनाला बी इचारलं असतं तरी कळलं असतं. त्यायचं काई म्हननं नव्हतं, पोरगं कामाचं हाय म्हनाले. पन मामा म्हनाले टोपी काढा. काढली. मंग त्ये डाग बघून गप झाले. कशाचा म्हनून इचारलं. दत्ता माझ्याकडं बघायला लागला, मी त्याच्याकडं. दोघं बी बोललो न्हाई. चार दिसानं निरोप आला, डोक्याला काय रोग असंल तर आमाला जमायचं न्हाई."

जे झाकायला एवढा खटाटोप केला ते त्यांना चालणार होतं.

"मी सर्टिफिकेट देते, काका," मी घाईने म्हणाले. कपाटातून दत्ताचा केस पेपर काढला. "रोग नाही, ऑपरेशननंतरचा व्रण आहे, असं माझ्या सही-शिक्क्याने लिहून देते. त्यांना दाखवा."

"कशानं झाला त्ये बी लिव्हनार?"

दत्ताला दिलेला शब्द होता. "रक्तपुरवठा कमी पडला, असं लिहीन."

"बिडीनं झाला, असं लिव्हा की."

अण्णांनी पिशवीत हात घातला आणि एक बाटली काढून टेबलावर ठेवली. मी दिलेलं खोकल्याचं औषध होतं. सीलही फोडलेलं नव्हतं.

"ही परत घ्या मॅडम. मला खोकला न्हाई. कवाच नव्हता."

"मग ते खाकरणं?"

"सहा-सात वर्सं झाली. परसात जायचं असलं की दारात उभं ऱ्हाऊन खाकरायचं. त्याला इझवायला येळ मिळावा. दुकानावर जायचं तरी तसंच. आता सवय लागली, कुठल्या बी दारात घसा आपसूक बोलतो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"बापाला कळत न्हाई व्हय?" ते म्हणाले. "पन त्याच्या तोंडावर कसं म्हनावं? एकदा म्हनलं की मंग त्यानं माझ्यासमोर ओढायची का न्हाई, ह्यो सवाल येतो. आपल्यात तसं नसतंय. मला वाटलं, तुमच्यासमोर भावाच्या पायाचं नाव काढावं. पोरगं घाबरंल आन सोडंल. त्यानं ऐकलं, आन बोलायचं बंद झालं."

त्यांचे हात धोतरावर पालथे पडले होते. "ऑपरेशन झाल्यावर बी मी खाकरत व्हतो मॅडम. पाईपाचं मीच बोललो व्हतो तुमच्याजवळ. समजलं व्हतं समदं. गंजीमागून धूर दिसायचा, मनात यायचं जाऊन बिडी हिसकून घ्यावी. आन दारात जाऊन खाकरायचो."

नसीम सिस्टर पडद्याजवळ उभी होती. ती आत निघून गेली.

अण्णांनी केस पेपर स्वतःकडे वळवला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. "आमाला इचारलं व्हतं त्ये कुठं लिव्हलंय?"

मी बोट ठेवलं.

"काय लिव्हलंय?"

"बिडी ओढत नाही."

"ह्ये माझं बोलनं हाय," अण्णा म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तुमी माझं बोलनं लिव्हून घेतलं. पेशंट तर त्यो व्हता."

मी सर्टिफिकेट लिहिलं, पण दत्ताला दिलेल्या शब्दामुळे कारण रक्तपुरवठ्याचंच घातलं. त्यांनी घडी करून खिशात ठेवलं. दाखवलं नसणार, कारण ते स्थळ पुन्हा जुळल्याचं माझ्या कानावर आलं नाही. जाताना त्यांनी विचारलं, दुसरं ऑपरेशन करून डाग झाकता येईल का. मी म्हटलं, बिडी सुटून सहा महिने झाले की त्याला घेऊन या, बघू. खरं तर त्याला एकट्यालाच पाठवा, असं म्हणायला हवं होतं. तेही त्या क्षणी सुचलं नाही. दत्ता आला नाही. त्याचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही. अंबड-वडीगोद्रीकडचा पेशंट आला की मी विचारायचे, पण वडीगोद्रीला नक्की कोणता दत्ता, हे कुणाला सांगता यायचं नाही. टोपीवाला म्हणायला माझी जीभ धजली नाही.

नंतर मी अशी ऑपरेशनं बरीच केली. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना धूर बंद केल्याशिवाय टेबलवर घेतलं नाही. पण मुख्य बदल एवढाच केला, की माझ्या टेबलासमोर एकच खुर्ची ठेवली. स्टूल काढून टाकलं. सोबतच्या माणसाला नसीम सिस्टर चहा पाजायच्या निमित्ताने बाहेर घेऊन जाते, मग मी पेन उघडते. काही बाप चिडतात. आम्हाला काय परके समजता का, म्हणतात. चिडू देते.

ती बाटली मी कुणाला दिली नाही. मुदत संपली तेव्हा सिस्टरने टाकून दिली. आणि अजूनही दाराबाहेर कुणी म्हातारा खाकरला, तर मी आधी समोर बसलेल्याची बोटं बघते.